बंद खुंट्यांची पेटी

मी पेटी बोलते आहे. नामजपाच्या सभांमध्ये गायिकेच्या पुढ्यात असते, तीच. माझ्याकडे कोणी पाहत नाही, कारण आसनस्थ होताच सर्वांना डोळे मिटण्यास सांगितलेले असते.

एका वृद्ध कारागिराने मला घडवले. माझा एकेक सूर लावताना तो श्वास रोखून धरी. पुढे एका गायकाने मला आपल्या लेकीसाठी घेतले. तीच आमची ताई. ती नाम गाई, सभा तेच परत म्हणे. लय उतरत उतरत अखेर माझा एकटा सूर उरे आणि त्या सुरावर माणसे निश्चल बसत. त्या दिवसांचा मला अभिमान होता.

मग ताईचा आवाज फाटला. डॉक्टरांनी गाणे बंद करण्यास सांगितले. सभा मात्र ठरलेल्या होत्या. ध्वनियंत्रणा सांभाळणारा तिचा धाकटा भाऊ म्हणाला, "ताई, जुनं रेकॉर्डिंग लावू. तू नुसते ओठ हलव."

"अरे, लोक येडे आहेत का?"

"त्यांच्या डोळ्यांचा बंदोबस्त तूच करतेस ना! पेटीच्या खुंट्या तेवढ्या आत सार, म्हणजे झालं."

खुंट्या बाहेर ओढल्याविना वारा माझ्या सुरांपर्यंत पोहोचत नाही. तेव्हापासून ताई भाता हलवते, पट्ट्या दाबते आणि मी मुकी बसते. कर्ण्यातून माझाच जुना स्वर ऐकू येतो, तेव्हा धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरे, असे वाटते.

परवा ऐन सभेत वीज गेली. नाम अर्ध्यावर तुटले. लोक क्षणभर थबकले आणि मग आपले आपणच म्हणू लागले. कोणी वर चढले, कोणी खाली घसरले. त्यांना एका सुराचा आधार हवा होता. ताईची बोटे माझ्या खुंटीवर आली. ओढ गं बाई, एवढी एकच ओढ! तिने दुसरा हात गळ्याला लावला, आणि बोटे मागे घेतली. जप विस्कटत विस्कटत विझला.

नंतर पहिल्या रांगेतल्या एक आजी तिचे हात धरून म्हणाल्या, "पोरी, आज तू गप्प राहून आम्हांला गाऊ दिलंस. केवढं मोठं मन तुझं!"

ताईने मान लववली. खरे सांगितले नाही.

गाडीत भाऊ हसला. "बघ, वीज गेली तीसुद्धा पथ्यावर पडली!"

"तू बोलू नकोस रे," ताई म्हणाली आणि तिने माझ्या झाकणावर कपाळ टेकले. तिचा हुंदका फाटका होता, पण सुरात होता.

श्रोतेहो, पुढच्या सभेस याल, तेव्हा कृपा करून डोळे उघडे ठेवा. तिच्या गळ्याकडे पाहा, आणि तिला सांगा, "ताई, जसा असेल तसा आवाज लावा, आम्ही सांभाळून घेऊ." मला ते सांगता येत नाही. माझा वारा कोंडलेला आहे.