कोरडा डोंगर

ठमीनं उभ्या जन्मात सरकारी माणसांना बऱ्याच गोष्टी खऱ्या सांगितल्या होत्या. पळसाखालची जमीन आमची आहे म्हणाली, कोणी ऐकलं नाही. रेशनचा तांदूळ कुबट आहे म्हणाली, कोणी वास घेऊन बघितला नाही. खोटं ती एकदाच बोलली, आणि तेवढं मात्र सरकारनं छापून काढलं. आता काय म्हणायचं या नशिबाला!

खोटं एवढंच होतं, की आमच्या डोंगरात पाणी नाही.

पाणी होतं. शहापूर आणि मुरबाडच्या शिवेवर आवळ्याचा डोंगर आहे, माथ्यावर उभं राहिलं की समोर सिद्धगड दिसतो. त्या डोंगराच्या कुशीत, कारवीच्या रानाआड एक कपार. अंग चोरून आत शिरायचं, पाच-पंचवीस पावलं अंधारात चाचपडायचं, की पायाला गार लागतं. भर वैशाखातसुद्धा तो झरा आटत नाही. आवळवाडीची ठाकरांची घरं त्या झऱ्यावर जगली, पण वाडीबाहेरच्या माणसाला त्याचा पत्ता नव्हता. मुद्दामच नव्हता.

कारण या तालुक्यात पाणी दिसलं की काय होतं, ते इथल्या शेंबड्या पोरालाही विचारा. आधी मोजणारे येतात, त्यांच्यामागून धरणवाले, धरणामागून नळ, आणि नळ निघाला की तो थेट मुंबईत जाऊन थांबतो. धरणाच्या काठावरच्या बायका उन्हाळ्यात टँकरपुढे भांडतात, अशी इथली तऱ्हा. वाडीचा कारभारी सुदाम, त्याची भाताची खाचरं अशीच धरणात गेलेली. स्वतःच्या बांधावरचा आंबा पाण्याखाली जाताना त्यानं काठावर उभं राहून बघितला होता. म्हणून एका दिवाळीत, वाघबारशीला त्यानं वाघोबाच्या दगडापुढे नारळ ठेवून अख्ख्या वाडीकडून शब्द घेतला. पाव्हण्याला पाणी दाखवायचं नाय. जो दाखवील, त्याची चूल विझली तरी त्याला कोणी विस्तव द्यायचा नाय. ठमीनंही दगडाला हात लावला, तिच्या नवऱ्यानं, धाकलूनंही लावला.

आणि मग सन दोन हजारच्या उन्हाळ्यात जीप आली. मागून खडक भोसकायचं यंत्र आलं, आणि डोक्यावर टोपी घातलेली दिपिका मॅडम आली. खडकाचं शिक्षण घेतलेली, तरणीताठी, बोलायला गोड. तिनं पहिल्याच दिवशी ठमीला विचारलं, "मावशी, डोंगरात कुठे झरा, ओल, काही आहे का?"

"पानी?" ठमी म्हणाली. "कुठलं पानी, बाय? पानी असतं तर आमी अशा वाळल्या असत्या काय?"

नुसतं बोलून थांबल्या असत्या तर त्या आवळवाडीच्या बायका कसल्या! त्यांनी कपारीचं तोंड दगडमातीनं लिंपलं, वर काटेरी फांद्या ओढल्या, आणि मॅडम होती तोवर रोज हंडे घेऊन पार खालच्या ओढ्यातल्या डबक्यावर गेल्या. जीपच्या समोरून, कण्हत-कुंथत. माना मोडून गेल्या, पण नाटक फक्कड वठलं. मॅडमला इतका कळवळा आला, की एक दिवस तिनं स्वतः हंडा उचलला आणि चढावर वाहून आणला. तिच्या हातांना फोड आले. बायकांनी तोंडाला पदर लावून तिचे आभार मानले, आणि घरी गेल्यावर पोट धरधरून हसल्या. जीप गेली तशी कपार पुन्हा मोकळी केली.

चुकलं ते तिथंच. एकीनंही विचारलं नाही, की बाय गो, तू शोधतेस तरी काय? यंत्र घेऊन आलेला माणूस पाणीच शोधणार, हे सगळ्यांनी धरूनच चाललेलं. दुसरं काही शोधायला कोणी या डोंगरात आलं होतं कधी?

पुढच्या माघात ठमीचा भाचा जगदीश आसनगावहून वाडीवर आला. तो कल्याणला एका कारखान्यात फिटर होता. हातात आटगावच्या सरकारी सुनावणीचे जाडजूड कागद, तोंड उतरलेलं. सुदामच्या ओट्यावर माणसं जमली. जगदीशनं सांगितलं ते असं, की वीज करायची एक अणूची भट्टी असते, तिच्यात जळून उरतो तो कचरा लाकडाच्या राखेसारखा नसतो. दिसत नाही, वास येत नाही, पण माणसाला आतून खातो. तो काचेत ओतून लोखंडी पिंपांत बंद करणार. मालगाडीनं आटगावला आणणार, तिथून डोंगरापर्यंत नवा रूळ टाकणार, आणि डोंगराच्या पोटात बोगदा खणून तिथं पुरणार.

"आपलाच डोंगर का रे?" ठमीनं विचारलं.

"आत्या, त्यांना कोरडा डोंगर हवा. पिंपांना पाणी लागलं तर ती कुजतात, विष पाण्यात उतरतं. हजारो वर्षं थेंब लागता कामा नये. एवढे डोंगर बघितले, सगळीकडे पाणी. आपला तेवढा कोरडा निघाला." आणि त्यानं कागदांतलं एक पान उघडून पुढे धरलं. पानावर फोटो होता. डोक्यावर हंडा घेतलेली, घामाघूम, तोंड वाकडं केलेली ठमी.

ठमीनं फोटोवर तळहात ठेवून तो झाकला. मग तिला राग आला. आधी स्वतःचा आणि मग सगळ्या जगाचा.

"मी सांगते त्यांना, पानी हाय म्हणून."

"सांगशील नि मग?" सुदाम म्हणाला. "मग धरणवाले येतील. कचरा उद्याचा, ठमे. येईल, नाय येईल. धरणवाल्यांना मी या डोळ्यांनी बघितलंय. वाघोबापुढचा शब्द हाय. तोंड बंद."

ओट्यावरच्या माणसांनी माना खाली घातल्या. धाकलूसुद्धा अंगठ्याच्या नखाकडे बघत बसला. ठमी तणतणत घरी गेली आणि त्या दिवशी तिनं भाकरी करपवल्या.

सुनावणीचा मांडव आटगावला स्टेशनाच्या बाजूला घातला होता. वर पंखे, पुढे टेबल, टेबलामागे साहेब आणि कडेला दिपिका मॅडम. लोकांचं म्हणणं ऐकून घेतल्याशिवाय काम पुढे जात नाही, असा नवा कायदा आला होता म्हणे. तर पहिला सगळा वेळ गेला रेल्वेच्या तक्रारींत! आसनगावचा एक लोकलचा पासवाला उठला नि म्हणाला, मालगाडी आमच्या सकाळच्या फास्टच्या टाइमाला नको. दुसरा म्हणाला, फाटक किती वेळ बंद राहणार? साहेबांनी सगळ्यांना मान डोलावून उत्तरं दिली. पिंपं फुटत नाहीत, गाडी हळू चालेल, लोकल लेट होणार नाही. पासवाले खूश होऊन चहाला गेले. घ्या! विष कोणत्या टाइमाला येणार यावर वाद, यावंच का यावर कोणी बोलायला तयार नाही.

मग साहेबांनी अहवाल वाचला. "डोंगर पूर्णपणे कोरडा आहे. खडकात घेतलेल्या छिद्रांना पाणी लागलं नाही. स्थानिक महिलांना पाण्यासाठी दूरवर पायपीट करावी लागते, यावरूनही हे सिद्ध होतं."

"नाय!" ठमी उठली.

पुढच्या रांगेतून सुदाम गर्रकन वळला. "ठमे, बस खाली."

"नाय बसत! साहेब, डोंगरात पानी हाय. बारा महिने हाय."

साहेबांनी चष्मा वर केला, अहवाल उलटा करून तिच्याकडे धरला. "बाई, हा फोटो तुमचाच ना? तेव्हा एक, आज एक. तुम्हाला कोणी पढवून पाठवलंय का?"

"पढवायला मी काय पोपट हाय?" ठमीचा आवाज मांडवाबाहेर गेला. चहाला गेलेले पासवाले परत आले. "तेव्हा खोटं बोलले. तुमी पानी न्यायला आला असं वाटलं, म्हणून बोलले. आज खरं बोलते. माझं खोटं तुमाला लगेच गोड लागलं, नि खरं बोलले तर पढवलेली?"

दिपिका मॅडम उभी राहिली. तिचा चेहरा लाल झाला होता. "ठमीमावशी, मी तुमच्यासोबत हंडा वाहिला होता."

"वाहिलास बाय. तुझ्या हाताला फोड आले नि आमी घरी जाऊन हसलो. मला लाज वाटते त्याची. काय बोलायचं ते बोल मला, पायातली काढून मार. पण तो डोंगर कोरडा नाय."

"तुमच्या म्हणण्याची नोंद घेतली जाईल," साहेब घाईनं म्हणाले.

"नोंद नको, सर," मॅडम म्हणाली. "अहवाल मी लिहिलाय. आत पाणी असेल तर तो चुकलाय, आणि चुकलेला कागद मी माझ्या सहीनं पुढे जाऊ देणार नाही. मी आत्ताच जाऊन बघते." तिनं पिशवी खांद्याला लावली. मांडवात दोन पेपरवाले बसले होते, तेही उठले. मग साहेबांनाही उठावं लागलं. बिचारे कपाळाला आठ्या घालून जीपमध्ये बसले.

कारवीच्या रानातून माणसं वर चढली, तर कपारीच्या तोंडाशी सुदाम उभा. आडवाटेनं पुढे येऊन थांबला होता, हातात कोयता. कोयता तो कोणावर उचलणार नव्हता, हे ठमीला ठाऊक होतं. पण बाजूला होणार नव्हता, हेही ठाऊक होतं. मागून वाडीच्या बायका आल्या, धाकलू आला, आणि कोणीच सुदामला हात लावायला पुढे होईना.

"माझ्या अंगावरून जा," सुदाम म्हणाला. "माझी खाचरं गेली तेव्हा मी भोळ्यासारखं सगळं दाखवलं होतं. हा ओहोळ, ही विहीर, इथं पानी खोल. हौसेनं दाखवलं गो. त्यांनी सगळं लिहून घेतलं नि सगळं नेलं. एवढा झरा राह्यलाय, तो तू दाखवतेस?"

ठमीला त्याच्यावर ओरडायचं होतं, पण त्याचं तोंड बघून तिचा आवाज खाली आला.

"दादा, पानी नेलं तर त्यांच्या मागं धावता येतं. नळ तोडता येतो, तुरुंगात जाता येतं, नातवांनी भांडून परत आणता येतं. पन त्यात हे विष उतरलं तर? मग ते न्यायला पन कोणी येणार नाय. आपल्यालाच ठेवतील. तेव्हा तुझा शब्द धुवून कोणाला पाजशील?"

सुदामनं कोयता या हातातून त्या हातात घेतला.

"विस्तव नका देऊ मला. मी गारगोट्या घासेन, कच्चं खाईन. पन बाजूला हो."

सुदाम बाजूला झाला. झाला म्हणजे काय, दोन पावलं मागं सरला आणि दगडाला टेकला. ठमी मॅडमचा हात धरून आत शिरली. बाहेर सगळे कान लावून उभे. थोड्या वेळानं आतून मॅडमचं हसू ऐकू आलं, आणि लगेच हुंदकाही. बाहेर आली तेव्हा ती कोपरापर्यंत भिजली होती. तिनं अहवालाचं ते पान काढलं, 'कोरडा' या शब्दावर ओल्या बोटांनी पेनाची रेघ मारली, बाजूला सही केली आणि पान साहेबांच्या हातात दिलं.

साहेब धापा टाकत होते. तेही वाकून आत गेले, ओंजळीनं पाणी प्यायले, रुमालानं तोंड पुसत बाहेर आले. "हा डोंगर बाद करावा लागेल," ते म्हणाले. "इथं बोगदा शक्य नाही."

बायकांनी एकच गलका केला. धाकलूनं टोपी काढून हवेत उडवली. पेपरवाल्यांनी फोटो काढले. आणि त्या गलक्यातच साहेब परत कपारीकडे वळून बघायला लागले, खाली उतारावर बघायला लागले, दूर जिथं मोठा रस्ता दिसतो तिथवर बघायला लागले.

"मे महिन्यातही असतं एवढं? बारमाही?" ते म्हणाले. "मॅडम, हे मोजायला पाहिजे. खाली नुसती पाइपलाइन टाकली तरी..."

गलका थांबला. दगडाला टेकलेल्या सुदामनं मान वर करून ठमीकडे बघितलं. ठमीनं पदर कमरेला खोचला, कपारीच्या तोंडाशी गेली आणि वाट अडवून मातीत फतकल मारून बसली.

"मोजा, साहेब," ती म्हणाली. "बिनधास मोजा. आजवर लपवलं, कारण तुमाला भीत होतो. आता लपवायला काय उरलं नाय, मग भ्यायचं कशाला? मोठा पायप आना, लहान पायप आना. चोरून नको, दिवसाढवळ्या आना. आमी इथंच असू."

एक बाई तिच्या बाजूला येऊन बसली. मग दुसरी. मग धाकलू. साहेब म्हणाले, अहो, मी सहज बोललो. त्यांच्याकडे कोणी बघितलंही नाही.

सुदाम उठला, कोयता कमरेच्या आकडीला अडकवला, बायकांमधून वाट काढत पुढे आला आणि तिच्या शेजारी मांडी घालून बसला.