निकिताचं खरं वजन

मित्रांनो, मी वजनकाटा आहे. मला जुना म्हटलेलं चालतं, गंजका म्हटलेलंही एक वेळ चालेल. खोटा म्हटलेलं मात्र मी खपवून घेत नाही. माझा जन्म नगरजवळच्या नागापूरच्या एमआयडीसीतला. तिथल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये माझं लोखंडी अंग तयार झालं. वर उभं राहायला चौकोनी पाटा, मागे खांब आणि खांबावर आडवी दांडी. दांडीवर पन्नास-पन्नास ग्रॅमच्या खुणा आणि त्यांवरून सरकणारं पितळेचं छोटं वजन. ते नेमक्या खुणेवर आलं की दांडी स्थिर होते. बस, एवढीच माझी विद्या. शेडमधल्या मिस्त्रींनी वीस किलोचं माप माझ्यावर तीनदा ठेवून पाहिलं आणि तिन्ही वेळा मी एकच उत्तर दिलं. "हा सरळ आहे," ते म्हणाले. त्या तीन शब्दांचा मला आजही अभिमान वाटतो.

पुणतांब्याच्या कारभारी आबांनी मला विकत घेतलं. त्यांची पेरूची बाग होती. हंगामात सकाळपासून क्रेटमागून क्रेट माझ्यावर चढायचे. बाजारात काही लोक तोलताना पाट्याच्या कडेला हळूच अंगठा टेकवतात, हे मी ऐकून होतो. आबांचा अंगठा मला कधी लागला नाही. उलट तोल झाला की ते दोन पेरू वरून टाकायचे आणि म्हणायचे, "हे दोन तुमच्या पोरांना." दरवर्षी ते मला टेम्पोत घालून तपासणीला न्यायचे आणि सरकारी शिक्का मारून आणायचे. राहात्याचे व्यापारी म्हणायचे, "आबांचा माल पुन्हा तोलायची गरज नाही." यात थोडं कौतुक माझंही होतं, असं मी धरून चालतो.

मग आकडे लाल दिव्यात दाखवणारा नवा काटा आला. तो टेम्पोबरोबर बाजारात जाऊ लागला आणि मी गोठ्याशेजारच्या खोपीत जाऊन बसलो. माझ्या पाट्यावर कोंबड्या बसू लागल्या. एकीने तर अंडंही घातलं. ते पंचेचाळीस ग्रॅमच्या आसपास होतं, पण मला विचारतो कोण?

त्याच सुमारास आबांची सून रुपाली हिला मुलगी झाली. तिचं नाव निकिता. जन्मली तेव्हा चारचौघींसारखी होती. दोन वर्षांची होईपर्यंत तिचे केस गळले, कातडी पातळ झाली, वाढ जवळजवळ थांबली. नगरपासून पुढे अनेक दवाखाने झाले आणि शेवटी आजाराचं नाव कळलं, प्रोजेरिया. लाखो मुलांत एखाद्याला होणारा हा आजार. यात लहान मुलाचं शरीर घाईघाईने म्हातारं होतं. सांधे आखडतात, हृदय लवकर थकतं आणि आयुष्य थोडं असतं. मन मात्र आपल्या वयाचंच राहतं. निकिता नऊ वर्षांची झाली तेव्हा पाढे घडाघडा म्हणायची, सगळ्यांच्या नकला करायची आणि खोपीत येऊन माझ्या दांडीला झोके द्यायची. मला ती फार आवडायची.

एके दिवशी मनवा नावाच्या एक तरुण डॉक्टर घरी आल्या. त्यांच्या मोठ्या शहरातल्या रुग्णालयात या आजारावर दोन औषधं एकत्र देऊन पाहायची होती. एकेकटं औषध थोडंच काम करतं. जोडीने ती जास्त करतील का, हे पाहायचं होतं.

"या आजाराची मुलं इतकी कमी आहेत," मनवा डॉक्टर म्हणाल्या, "की निम्म्यांना औषध द्यायचं आणि निम्म्यांना नाही, असं करता येत नाही. म्हणून निकिताची तुलना निकिताशीच करायची. आधी सहा महिने औषधाशिवाय तिचं वजन किती वाढतं ते पाहू. मग औषधं सुरू केल्यावर किती वाढतं ते पाहू. दर रविवारी सकाळी, उपाशीपोटी आणि दर वेळी त्याच काट्यावर."

नवा काटा तर रविवारीही बाजारात असायचा. आबा उठले, खोपीत आले आणि त्यांनी माझ्यावरची कोंबडी हुसकावली. रॉकेलच्या फडक्याने मला पुसलं, नगरला नेऊन नवा शिक्का मारून आणला आणि पडवीत मांडलं. "ह्यो काटा लबाडी करत न्हाई, डॉक्टरीणबाई," ते म्हणाले. मित्रांनो, माझी छाती फुलली असेल, फक्त ती लोखंडाची असल्याने दिसली नाही.

पहिल्या रविवारी निकिता माझ्यावर उभी राहिली. गुडघे आखडलेले म्हणून आबा तिला धरायला शेजारी उकिडवे बसले. रुपालीने पितळी वजन सरकवलं. दहा किलो नऊशे. पेरूचा अर्धा भरलेला क्रेट याहून जड असतो. दुसऱ्या रविवारी तेच, तिसऱ्याही रविवारी तेच. चौथ्या रविवारी आकडा वहीत लिहिताना रुपालीचा हात थांबला. पदराने डोळे पुसून आत गेली.

पाचव्या रविवारी माझ्या पाट्याच्या कडेला काहीतरी टेकलं. खरबरीत, कोमट, ओळखीचं. तो आबांचा अंगठा होता.

"अकरा किलो!" रुपाली ओरडली. "आबा, शंभर ग्रॅम वाढली!" त्या दिवशी घरात शिरा झाला.

मला काय वाटलं, ते कसं सांगू? पाट्यावर जे असेल ते सांगणं हे माझं काम, आणि पाट्यावर अंगठा होता. मी अंगठ्यासकट वजन सांगितलं. माझ्या मालकाचा मला राग आला आणि त्याच वेळी त्याची इतकी कीवही आली की दांडी स्थिर ठेवणं जड गेलं. ज्या माणसाने गिऱ्हाइकाला कधी पाच ग्रॅमला फसवलं नाही, तो सुनेच्या चेहऱ्यासाठी दर रविवारी थोडं थोडं दाबू लागला. असे दहा रविवार गेले. वहीत निकिता अकरा किलो तीनशेची झाली.

वहीतले आकडे रुपाली डॉक्टरांना कळवायची. एके दिवशी मनवा डॉक्टरांचा फोन आला. रुपालीने मोबाईल पडवीतच स्पीकरवर ठेवला.

"वजन चांगलं वाढतंय," डॉक्टर म्हणाल्या, पण त्यांचा आवाज आनंदी नव्हता. "औषधाशिवायच इतकं वाढत असेल, तर औषधं दिल्यावर त्याहून जास्त वाढायला हवं. नाही वाढलं तर आम्हाला लिहावं लागेल की औषधांचा उपयोग झाला नाही. मुलं मोजकी आहेत, आजोबा. एकेका वहीवर बाकीच्या सगळ्या मुलांची औषधं अवलंबून आहेत."

फोन ठेवल्यावर आबांनी वही उघडून पुढ्यात घेतली. मग रुपालीला म्हणाले, "पोरी, वही खोटी हाय. म्या अंगठा ठिवत हुतो."

रुपालीने विचारलं, "का, आबा?"

"तू रडायचीस. मला बघवत न्हवतं."

निकिता दारात उभी होती. "मला म्हायत हुतं," ती म्हणाली. "मी वरनं बघायचे ना. पण आकडा वाढला की तुमी दोघं हसायचात. मग मी गप बसले."

मग आबांनी स्वतः डॉक्टरांना फोन लावला. नंबर निकिताने दाबून दिला. आबांनी काही लपवलं नाही. मनवा डॉक्टर रागावल्या नाहीत, पण नियम त्यांच्या हातात नव्हता. दहा रविवारांची वजनं बाद झाली आणि तेवढे रविवार पुन्हा तोलावे लागणार होते. दिवाळीनंतर सुरू होणारी औषधं संक्रांतीच्या पुढे गेली. तुम्हा-आम्हाला अडीच महिने म्हणजे काही फार नाही. निकिताच्या शरीराला ते फार होते आणि हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. आबा दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी निकिता ताट घेऊन त्यांच्यासमोर बसली आणि म्हणाली, "तुमी न्हाई खाल्लं तर मी बी न्हाई. मग वजन आनखी घटंल, आन् ते खरं असंल." आबांनी भाकरी मोडली.

पुढच्या रविवारपासून निकिताला धरायला रुपाली बसू लागली. तोल होताना मात्र ती हात काढून घ्यायची. वजन सरकवायचं काम निकिता स्वतःच करायची आणि लिहायचं काम आबांकडे आलं. चष्मा लावून, एकेक आकडा कोरल्यासारखा ते लिहायचे. दहा नऊशे. दहा नऊशे. दहा नऊशे पन्नास.

संक्रांतीनंतर औषधं सुरू झाली. एक कॅप्सूल आणि एक पातळ औषध, सकाळ-संध्याकाळ. पहिल्या महिन्यात निकिताला उलट्या झाल्या. असं होऊ शकतं, हे डॉक्टरांनी आधी सांगितलं होतं. तरी डोळ्यांनी बघणं वेगळं. एका रविवारी पितळी वजन मागे मागे सरकत दहा सातशेवर थांबलं. त्याआधी मी तिचं इतकं कमी वजन कधी सांगितलं नव्हतं. मित्रांनो, त्या सकाळी मला वाटलं, कुणीतरी पाट्यावर बोट ठेवावं. मी, सरळ काट्याने, हे मनात आणलं.

आबांचं पेन वहीवर टेकून राहिलं. रुपाली त्यांच्याकडे बघत होती. शेवटी आबांनी आकडा मोठ्याने उच्चारला, "दहा सातशे," आणि तसाच लिहिला. मग वही मिटून त्यांनी निकिताला उचलून घेतलं, आणि त्या वेळी मात्र दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

त्यानंतर उलट्या थांबल्या. चार महिन्यांनी निकिता अकरा किलो शंभरवर आली. आबांनी तिला खाली उतरवून तीनदा पुन्हा तोललं. मनवा डॉक्टर म्हणाल्या की एका मुलीच्या वजनावरून औषधांचा निकाल लागत नाही. हृदय आणि रक्तवाहिन्या तपासायच्या आहेत, इतर मुलांच्या वह्या यायच्या आहेत. तो निकाल अजून आलेला नाही. औषधं तिला किती वर्षं देतील, हे कुणालाच सांगता येत नाही आणि मलाही नाही.

पण एक विनंती मी करू शकतो. तुमच्या घरात कुणी आजारी असेल तर त्याचा ताप, त्याची भूक, त्याचं दुखणं आहे तेवढंच डॉक्टरांना सांगा. प्रेमापोटीसुद्धा त्यात भर घालू नका, काही कमी करू नका. आणि खरं ऐकायला जड जाईल तेव्हा त्या माणसाला एकटं सोडू नका. माझ्यासारख्या जुन्या काट्याला वर्षातून एकदा तपासून आणा, एवढं पुरे.

रविवारी सकाळी दार वाजतं आणि निकिता अनवाणी माझ्यावर चढते. तिचं वजन वाढावं असं मला फार वाटतं. त्याहून जास्त वाटतं, ती येत राहावी.