वाफ्यातल्या काचा

नंदकिशोर पाटणकरांनी उभ्या आयुष्यात एकही रोप लावलं नव्हतं, तरी घणसोलीच्या त्या सोसायटीत सगळे त्यांना बागवाले काका म्हणत. बँकेतून निवृत्त झाल्यावर माणसाला काहीतरी लागतंच. कमिटीने बागेची देखरेख दिली आणि काका बागवाले झाले.

खरी बाग करायची गोजराबाई. घणसोली गावातली, सासूच्या हाताखाली फुलं लावायला शिकलेली. गेटजवळच्या लांब वाफ्यात तिने चार जातींचे कंद पुरले होते. मे महिन्यात फुटबॉल लिली, ती ओसरली की पावसाळ्यात रेन लिली, गणपतीच्या सुमारास निशिगंध आणि थंडीत ग्लॅडिओलस. एक झोपला की दुसरा उठायचा. पण झोपलेला कंद वरून दिसत नाही, खुरपं लागलं की गेलाच. म्हणून तिने जागोजागी फुटक्या बांगडीचे तुकडे खोचून ठेवले होते. लाल तिथे फुटबॉल लिली, पिवळा तिथे रेन लिली, हिरवा तिथे निशिगंध. हे तिने काकांना नीट समजावून सांगितलं होतं. काका तेव्हा मोबाइलवर काहीतरी बघत होते आणि "हो, हो" म्हणाले होते.

पुढे सोसायटीच्या सभेत सेक्रेटरी वैजयंतीताईंनी विचारलं, "बारा महिने रंग ठेवायची ही कल्पना कोणाची हो?"

"थोडा अभ्यास केला," काका म्हणाले.

झालं. टाळ्या पडल्या, आणि पडलेल्या टाळ्या परत करायची आपल्याकडे रीत नाही. शहराच्या उद्यान स्पर्धेच्या अर्जावर काकांचं नाव गेलं, वाफ्याशी लावायच्या पाटीवरही तेच रंगवायला टाकलं. त्या दिवशी गोजराबाई सभागृहाच्या दाराशीच उभी होती. काकांनी तिकडे बघायचं टाळलं.

फेब्रुवारीत परीक्षक यायच्या दिवशी काका पांढरा झब्बा घालून सकाळीच खाली उतरले. बघतात तर वाफ्यात काचा! कोणा पोराच्या पायात गेल्या म्हणजे? त्यांनी वाकून वाकून एकूण एक तुकडा वेचला. कचऱ्याचा डबा पार पार्किंगमध्ये, म्हणून सगळे खिशात टाकले आणि हात झटकून निवांत झाले.

दहा वाजता परीक्षक बाई आल्या. ग्लॅडिओलसचे तुरे बघून खूश झाल्या. मग त्यांनी वाफ्याच्या उघड्या मातीकडे बोट केलं. "इथे काय येणार, काका? कुठे काय लावलंय?"

काकांनी गोजराबाईकडे पाहिलं. तिची नजर मातीवरून फिरत होती. एकदा फिरली, पुन्हा फिरली. ती काहीतरी शोधत होती. तेव्हा कुठे काकांना लाल, पिवळा, हिरवा आठवलं आणि त्यांची कानशिलं तापली.

"इथे... निशिगंध," ते म्हणाले. हात नकळत खिशात गेला.

"एवढ्या सगळ्या जागेत निशिगंधच?"

काका खिशातले तुकडे चाळवत राहिले. तेवढ्यात गोजराबाई पुढे झाली.

"नाय बाई, सायेबांनी तीन जाती लावून घेतल्यात. मे मदी लिली येल, मंग पावसाची लिली, मंग निशिगंध. समदं सायेबांनीच सांगलेलं हाय. आता जरा गडबडलं, येवढंच."

परीक्षक बाई हसल्या आणि वहीत लिहून घेत पुढे गेल्या.

दुपारी फोन आला, पहिला नंबर. वैजयंतीताईंनी पेढे वाटले. काकांनी आपला पेढा तसाच कागदात गुंडाळून ठेवला. त्यांना लाज वाटत होती, नुसती लाज. आपण तिचं श्रेय खाल्लं, तिच्या खुणा उपटल्या, आणि तिनेच आपली अब्रू झाकली.

पाच वाजता ते खाली आले. गोजराबाई वाफ्याशी बसून बोटांनी हलके हलके माती चाचपत होती. काय सांगायचं ते काकांनी जिन्यातच पाठ केलं होतं. सगळं खरं सांगायचं. तिच्यासमोर उभे राहिले, ओंजळ पुढे केली, आणि तोंडातून निघालं ते भलतंच.

"गोजराबाई, हे तुकडे... झाडूवाल्याला सापडले म्हणे."

तिने ओंजळीकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"झाडूवाल्याला? सायेब, त्या बाईंसमोर तुमचा खिसा वाजत व्हता. माज्याच बांगड्या त्या, मला आवाज कलत नाय?"

काका मटकन वाफ्याच्या कडेवर बसले. पांढऱ्या झब्ब्याला माती लागली.

"चुकलो मी," ते म्हणाले. "आत्ताच्या आत्ता वर जातो. पाटीवर तुमचं नाव घालायला सांगतो. सगळ्यांना सांगतो."

"पाटीचं मागनं बघा." तिने त्यांच्या ओंजळीतून एक लाल तुकडा उचलला आणि त्यांच्यापुढे धरला. "ह्यो कुठनं काढला, तेवढं सांगा."

काका मातीकडे बघत राहिले. माती सगळीकडे सारखीच दिसत होती.

"मी बघितलंच नाही हो," ते म्हणाले.