पंखाचा उतार

"पेशी शेजारणीकडे बघून वाढते, ओब्दुलिया. शेजारीण थोडी वेगळी दिसली की वाढायचं, सारखीच दिसली की थांबायचं." सत्तावीस वर्षांपूर्वी, माद्रिदच्या आमच्या प्रयोगशाळेत, फळमाश्यांसाठी मी मक्याची पेज ढवळत असताना प्रयोगशाळेचे प्रमुख डोन एलादियो हे बोलले होते. मी माश्यांची स्वयंपाकीण. पण त्या दिवसापासून वाटायचं, अळीच्या पोटातला तो इवला पंख माझ्याच पेजेवर घडतोय.

त्यांचा तर्क असा: एक जनुक पंखाच्या मुळाशी जोरात चालतं, टोकाकडे मंद मंद होत जातं, आणि हा उतारच पंखाला वाढवतो. सिद्ध मात्र कुणी केलं नव्हतं. यंदा त्यांच्या विद्यार्थिनीनं, इत्सिआरनं, चार वर्षं खपून ते जनुक पंखभर सारखं चालवलं. उतार मोडला, आणि पंख अर्ध्यावरच थांबला.

डोन एलादियोंनी भिंगातून पाहिलं, मान हलवली. आपलाच तर्क खरा ठरत होता, तरी म्हणाले, संकरात आधीच नर भेटलेली मादी शिरली असणार. हे पंख कुठल्या बापाचे कुणास ठाऊक. संकराला कुमारी माद्याच लागतात, कोषातून नुकत्या निघालेल्या, फिकट अंगाच्या, पोटात काळा ठिपका असलेल्या. त्या मी वेचल्या होत्या. इत्सिआरचा प्रबंध आणि माझा हात, दोन्ही एका वाक्यात खोटे.

पोरीचे डोळे भरले. मी डोन एलादियोंना म्हटलं, आपण दोघं वेचू आणि नराविना ठेवू. कुमारीच्या अंड्यातून अळी निघत नाही. ज्याच्या कुपीत अळ्या वळवळतील, त्याचा हात चुकला.

"आता स्वयंपाकीण माझी परीक्षा घेणार?" ते हसले.

"पेज करपली की तुम्ही माझी घेताच की."

पाच दिवसांनी माझ्या तिन्ही कुप्यांतली पेज तळ्यासारखी निवांत. त्यांच्या दोन कुप्यांत अळ्यांनी वाटाच वाटा कोरलेल्या. त्यांनी कुपी खिडकीशी धरली, चष्मा काढला, पुन्हा लावला. इत्सिआर हळूच म्हणाली, होतं असं कुणाचंही.

"माझं होत नाही," ते म्हणाले. "आजवर एकदाही नाही."

मी एप्रनला हात पुसले.

"सहा वर्षं होतंय, डोन एलादियो. तुम्ही घरी गेलात की तुमच्या कुप्या मी रिकाम्या करते आणि नव्या माद्या वेचून ठेवते. या खेपेला तेवढ्या राहू दिल्या. इत्सिआरच्या माद्या त्याच हातानं वेचल्यात. तिला प्रबंध लिहू द्या."