चकती जागच्या जागी

"ताई, साहेबांची चकती माझ्या वाटेत येतेय. जरा सरकवता का?" दातांचे डॉक्टर योम म्हणाले.

गुमजू गुडघ्यावर बसली. चेअरमन थाकचा चेंडू जिथं थांबला होता, तिथं चेंडू उचलून जागेची खूण म्हणून तिनंच ती चकती ठेवली होती. तिनं समोरच्या पाइनच्या झाडाचा नेम धरला, चकतीशेजारी पटरचं, म्हणजे चेंडू होलात ढकलायच्या काठीचं, डोकं टेकवलं आणि तेवढ्याच अंतरानं चकती बाजूला घेतली. डॉक्टरांचा फटका झाला की त्याच मापानं परत जागेवर न्यायची. योजूच्या या गोल्फच्या मैदानावर खेळणाऱ्यांनी वाकायचं नसतं. चकती ठेवायची, चेंडू पुसायचा, त्यावरची रेघ होलाकडे लावून द्यायची, सगळं कॅडीनं, म्हणजे सोबत चालणाऱ्या गुमजूसारख्या मदतनीस बाईनं. आणि गुमजूनं ठेवलेला चेंडू तांदळाच्या दाण्याएवढाही हलत नाही, असं बावीस वर्षं सगळे म्हणत आले होते. तिला त्याचा गर्व होता. का नसावा? दुसरं होतं काय तिच्याकडे!

डॉक्टरांचा चेंडू होलाच्या कडेनं निसटला. गुमजू चकती मागे न्यायला वाकली, तसा थाक जवळ आला आणि ओठ न हलवता पुटपुटला, "असू दे तिथंच. इथून सरळ जातो."

"साहेब, पण नियम..."

"मला नियम शिकवतेस होय? दोन तक्रारी आहेत ना गं तुझ्यावर? तिसरी मी लिहू?"

तिसरी म्हणजे पाळ्यांच्या फळ्यावरून नाव पुसलं जाणार, काम जाणार. गुमजूला एकोणपन्नासावं लागलं होतं. या वयात दुसरं मैदान दारात उभं करत नाही. नवरा पाय मोडल्यापासून घरीच. मेल्या, तुझं वाटोळं होवो, असं ती मनातल्या मनात म्हणाली आणि चेंडू पुसून, रेघ लावून, सरकवलेल्या जागीच ठेवला.

थाकनं अलगद ढकलला. चेंडू होलात गेला.

"चकती परत जागेवर नेली होती ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"मला काय ठाऊक! ते काम कॅडीचं. विचारा की तिला."

दोघंही तिच्याकडे बघत होते. खरं बोललं तरी मेली, खोटं बोललं तरी मेली.

"चुकलं माझं, डॉक्टरसाहेब," गुमजू कमरेत वाकून म्हणाली. "विसरले मी. वय झालं."

"बघा! काय बोलायचं या बायकांना?" थाकनं हसून हात झटकले. "जाऊ द्या डॉक्टर, हा होल तुमचा. आपल्याला बाबा फुकटचं नको."

डॉक्टर पुढच्या होलाकडे चालू लागले. ते रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं.

पुढच्या हिरवळीवर ती नेहमीसारखी त्यांच्या चेंडूपाशी धावली. "राहू द्या, ताई," ते हळूच म्हणाले. "माझा मी ठेवतो." साठी उलटलेला माणूस, मांडीला हात लावून कसाबसा खाली बसला आणि चकतीऐवजी खिशातलं नाणं काढून त्यानं चेंडूमागे ठेवलं. गुमजू फडकं हातात घेऊन उभी राहिली. उरलेल्या सहाही होलांवर तसंच झालं. तिला रडू येत होतं, पण कामावर रडायची सोय नव्हती.

दुपारी ऑफिसातून ह्वानबाईंनी हाक मारली. कॅड्यांच्या पाळ्या त्याच लावत. तिसरी तक्रार आली, असंच धरून गुमजू आत गेली.

"नशीब काढलंस गं! तक्रार राहिली बाजूला, चेअरमनसाहेब म्हणाले, समजूतदार बाई आहे. नोव्हेंबरपर्यंत दर शनिवारी त्यांना तूच हवीस. ते आणि डॉक्टर, जोडी ठरलेली."

"पार्टी हवी हं, गुमजूताई!" मागून बाकीच्या कॅडी बायका ओरडल्या.

"शनिवारी... दुसरी कुणी नाही का जाणार?"

"वेड लागलं का? नाही म्हणतेस, असं सांगू त्यांना?"

गुमजूनं पेन घेतलं. फळ्यावरच्या एकेका शनिवारच्या चौकटीत ती आपलं नाव लिहीत गेली. शेवटच्या चौकटीत अक्षर जरा रेघेबाहेर गेलं. तिनं ते बोटानं पुसलं आणि पुन्हा नीट, आत लिहिलं.