रवींद्ररावांच्या मापाची गाडी

मित्रांनो, मी जन्मतःच जुनी आहे. पन्नास-साठ वर्षांपूर्वी शर्यतीत धावणाऱ्या एका इंग्रजी गाडीची मी नक्कल. ती अस्सल गाडी मी कधी पाहिली नाही. तिच्यासारखेच माझे दिवे गोल आहेत, नाक लांब आहे आणि डोक्यावर छप्पर नाही. अंग मात्र पत्र्याचे नसून फायबरग्लासचे आहे. अशा नकली गाडीने आपली कहाणी सांगावी का, आणि सांगितली तर ती कोणी ऐकावी का, हे मला नीट ठरवता आलेले नाही. तरी सांगते. चुकले तर सांभाळून घ्या.

२०१४ सालच्या शरद ऋतूत मी कॅनडातल्या एडमंटनला आले, ती घरी जोडायच्या सुट्या भागांच्या खोक्यांतून. एका खोक्यात दिवे, दुसऱ्यात चाके, तिसऱ्यात नुसतेच नट-बोल्ट. सांगाडा एका ट्रकवरून उतरवला. इंजिन कोण्या मोडीत काढलेल्या गाडीचे होते, ते नंतर आले. ज्यांनी मला मागवले ते रवींद्रराव तेलवाहिन्यांच्या कामातून निवृत्त झालेले इंजिनिअर होते. उंच, काटक, आणि आपले म्हणणे दुसऱ्यांदा सांगावे लागले की चिडणारे. त्यांची पत्नी ललिताबाई जेमतेम त्यांच्या खांद्याला लागत. इस्पितळाच्या प्रयोगशाळेत त्यांनी नोकरीची सगळी वर्षे काढली, ती बसने आणि एलआरटी या शहरातल्या रेल्वेने जाऊन-येऊन. उणे तीस तापमानात बसथांब्यावर उभे राहायचे, पण गाडी शिकायची नाही. तरुणपणी एकदा रवींद्ररावांनी त्यांना मॉलच्या रिकाम्या आवारात शिकवायला नेले होते. तिथे ते इतके ओरडले की ललिताबाईंनी पुन्हा नाव काढले नाही.

माझे खोके उघडल्यावर मात्र त्या गॅरेजमध्ये येऊ लागल्या. बाहेर बर्फ साचायचे, आत हीटर घरघरायचा. माझ्याबरोबर एक जाडजूड माहितीपुस्तक आले होते. ललिताबाई ते मोठ्याने वाचत आणि रवींद्रराव सांगाड्याखाली उताणे पडून काम करत. त्यांनी दिवा धरला, पाने हातात दिले, ब्रेकच्या नळ्यांमधली हवा काढताना हजार वेळा पेडल दाबले. माझ्या अंगाला पॉलिश पेपर घासला तोही त्यांनीच. दोन हिवाळे घासला. त्यांच्या बोटांचे ठसे पुसट झाले असतील, इतका. मधल्या उन्हाळ्यात त्यांनी गुपचूप एका पंजाबी बाईकडे गाडीची शिकवणी लावली. त्या बाईंना त्यांनी हिंदीत बजावून सांगितले होते, की मला क्लचवाली गाडी शिकवा, दुसरी नको. पहिल्या रोड टेस्टला नापास झाल्या, दुसऱ्या वेळी पास. त्रेसष्टाव्या वर्षी हातात लायसन आले, ते त्यांनी फ्रिजवर चुंबकाने लावून ठेवले. रवींद्ररावांनी ते पाहिले आणि दूध काढून घेतले.

आता पेडलांचे सांगते, कारण माझी सगळी कहाणी तिथेच अडकलेली आहे. माझी सीट पक्की बसवलेली असते, ती पुढे-मागे सरकत नाही. सरकतात ती पेडल. त्यांच्या चौकटीला जवळची, मधली आणि लांबची अशी तीन भोके आहेत. गाडी चालवणाऱ्याचे पाय पाहून बोल्ट कुठल्या भोकात घालायचा ते ठरवायचे. ललिताबाईंनी तो परिच्छेद वाचला, थांबल्या, आणि म्हणाल्या, "मधल्यात लावलं तर दोघांनाही जमेल, नाही का हो?"

रवींद्रराव म्हणाले, "बघू."

आणि त्यांनी बोल्ट लांबच्या भोकात घातले. नट ललिताबाईंकडूनच मागून घेतले. बाईंना वाटले असेल, नंतर बदलता येईल.

२०१६च्या जुलैत माझी पूजा झाली. इथल्या मराठी मंडळातली बरीच माणसे आली होती. ड्राइव्हवेवर खुर्च्या मांडल्या होत्या, समोसे होते, पोरे होती. बॉनेटवर कुंकवाने स्वस्तिक काढायचे म्हणून ललिताबाई ताट घेऊन पुढे आल्या, तेव्हा रवींद्ररावांनी त्यांना थांबवले. रंगाला डाग पडेल म्हणाले. मग त्यांनी चिकटपट्टीचा एक तुकडा माझ्या नाकावर लावला आणि बाईंना त्या तुकड्यावर स्वस्तिक काढायला लावले. नारळ फूटपाथच्या कडेला फोडला. चारही चाकांखाली लिंबे ठेवली.

मंडळातले सर्वांत वडीलधारे दादासाहेब हे स्वभावाने साधे. त्यांनीच मंत्र म्हटले होते. ते कौतुकाने म्हणाले, "रवींद्र, दोन वर्षं वहिनींनी गॅरेजमध्ये काढली आहेत. पहिला मान त्यांना दे. लिंबं त्यांच्या हातून चिरडू दे."

ललिताबाई हसल्या, लाजल्या, आणि नवऱ्याकडे पाहू लागल्या. तसे पाहणे मी त्याआधी कधी पाहिले नव्हते आणि नंतरही नाही. मला वाटले, रवींद्रराव काहीतरी निमित्त काढतील. त्यांनी काढले नाही. त्यांनी किल्ली काढून बाईंच्या हातावर ठेवली.

"घे," ते म्हणाले.

"अहो, पण पेडल..."

"का? लायसन आहे ना फ्रिजवर?"

लोक हसले. ललिताबाई साडी सावरत माझ्यात बसल्या. त्यांचा पाय क्लचला जेमतेम टेकला, दाबला जाईना. मग त्या सीटवर खाली खाली घसरल्या, इतक्या की त्यांची हनुवटी स्टिअरिंगच्या पातळीला आली आणि समोरचे काही दिसेना. तशाच अवस्थेत त्यांनी मला सुरू केले. क्लच अर्धाच दाबला गेला होता. मी हिसका दिला आणि बंद पडले. पुढचे एक लिंबू फुटले. त्यांनी पुन्हा सुरू केले. पुन्हा हिसका, पुन्हा बंद. तिसऱ्या वेळी त्यांचे डोके मागे आपटले. मित्रांनो, गाडीला मन असते की नाही यावर वाद आहे, पण क्लच दाबल्याशिवाय तिला नीट हलता येत नाही यावर वाद नाही. माझा इलाज नव्हता.

रवींद्रराव हाताची घडी घालून उभे होते. ते सगळ्यांना ऐकू जाईल असे, पण अगदी सौम्यपणे म्हणाले, "लिंबं चिरायचं काम हिला स्वयंपाकघरातच जमतं."

या वेळी लोक जास्त हसले. कोणीतरी फोनवर चित्रण करत होते. रवींद्ररावांनी बाईंना कोपराला धरून बाहेर काढले, स्वतः बसले, आणि उरलेली लिंबे चिरडत मला झोकात कोपऱ्यापर्यंत नेऊन आणले. टाळ्या झाल्या. दादासाहेब तेवढे टाळ्या न वाजवता ताटातली फुले गोळा करत राहिले. संध्याकाळी ते चित्रण मंडळाच्या ग्रुपवर फिरले. मुलगी स्वाती ओंटारिओतल्या लंडनला असते, तिचाही फोन आला. ललिताबाई गॅरेजच्या दारात फोन स्पीकरवर ठेवून खुर्च्या मिटत होत्या, म्हणून मला ऐकू आले. "मॉम, यू आर फेमस," असे म्हणून ती खूप हसली. तिला काय माहीत, बोल्ट कोणत्या भोकात होते.

यानंतर ललिताबाई गॅरेजमध्ये आल्या नाहीत. आल्या त्या ऑगस्टमधल्या एका सकाळी, रवींद्रराव डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले असताना. अंगात जुनी पँट, हातात पाना. त्या माझ्या डॅशबोर्डखाली आडव्या झाल्या, बोल्ट काढले, चौकट ओढली आणि जवळच्या भोकात बसवली. प्रत्येक नट दोनदा आवळून पाहिला. मग सीटवर ताठ बसून त्यांनी क्लच दाबला, तो पार शेवटपर्यंत गेला.

आम्ही नदीच्या खोऱ्यात उतरलो, पूल ओलांडला, पलीकडच्या चढाने वर आलो. त्या गिअर इतक्या अलगद बदलत होत्या की मला माझे इंजिन जुने आहे याचा विसर पडला. सिग्नलला शेजारच्या पिकअपमधल्या माणसाने अंगठा वर केला. बाईंनीही केला. इथे सांगण्यासारखे आणखी काही घडले नाही. आम्ही हिंडलो आणि घरी आलो, एवढेच.

रवींद्रराव ड्राइव्हवेवर उभे होते. डॉक्टरांनी डोळ्यांत थेंब घातल्यामुळे त्यांनी काळा चष्मा लावला होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी चौकट पुन्हा लांबच्या भोकात नेली. मग वेल्डिंगचे यंत्र काढले आणि ती सांगाड्याला कायमची जोडून टाकली. जळक्या रंगाचा वास घरात गेला तेव्हा ललिताबाई दारात आल्या.

"आता हलणार नाही," रवींद्रराव म्हणाले.

बाईंनी वाकून वेल्ड पाहिले. त्या म्हणाल्या, "चांगलं झालंय," आणि आत गेल्या.

त्या उन्हाळ्यात आणि पुढच्याही, मी खूप मिरवले. जुन्या गाड्यांच्या मेळाव्यांना गेले. लोक माझ्या शेजारी उभे राहून फोटो काढत. कोणी विचारले, की रवींद्रराव सांगत, एकट्याने बनवली. मला पुसायला मऊ फडके होते. हिवाळ्यात मी गॅरेजच्या उबेत झोपत असे. ललिताबाईंनी स्वतःच्या पेन्शनमधून एक लहानशी निळी गाडी घेतली होती, ती मात्र बाहेर. सकाळी काचेवरचे बर्फ खरवडण्याचा आवाज मला रोज ऐकू येई. रवींद्रराव गॅरेजमध्ये असले तरी बाहेर जाऊन मदत करत नसत. "हौस आहे ना," म्हणत.

२०१७च्या डिसेंबरात ड्राइव्हवेवरचे बर्फ फावड्याने काढताना ते घसरून पडले. डाव्या बाजूचे खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, व्यायाम झाले, काठी आली. बर्फ वितळल्यावर एक दिवस ते मोठ्या कष्टाने माझ्यात बसले आणि डावा पाय क्लचवर ठेवला. पाय थरथरू लागला. क्लच अर्धा गेला आणि परत आला. त्यांनी हाताने गुडघा दाबून पाहिला. मी हिसका दिला आणि बंद पडले. त्या वेळी तिथे हसायला कोणी नव्हते.

आता घरात त्यांना क्लच दाबता येत नव्हता आणि बाईंना तिथवर पोचता येत नव्हते. उन्हाळाभर मी जागची हलले नाही. रवींद्ररावांना दवाखान्यात, व्यायामाला, मंडळात ललिताबाईच निळ्या गाडीतून नेत. ते शेजारच्या सीटवर काठी धरून बसत. शेवटी सप्टेंबरात एकदा, त्यांना गाडीत बसवताना, माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "वेल्ड कापता येतं. ग्राइंडर लावला तर तासाभराचं काम आहे. मग... तू चालवशील. मी बसेन बाजूला."

एवढे बोलणे त्यांना फार जड गेले असावे. ललिताबाईंनी त्यांचा सीटबेल्ट लावला, नीट बसला का ते ओढून पाहिले.

"कशाला?" त्या म्हणाल्या. "तुमच्या मापाची आहे. राहू दे तशीच."

नंतरच्या आठवड्यात त्यांनी सांगितले, की या हिवाळ्यात माझी निळी गाडी गॅरेजमध्ये लागेल, सकाळी तुम्हाला गार सीटवर बसवायला नको. यात खोट काढण्याजोगे काहीच नव्हते. शेजारचे बापलेक मला ढकलायला आले. स्टिअरिंग धरायला कोणीतरी हवे होते, म्हणून ललिताबाई माझ्यात बसल्या. ढकलल्या जाणाऱ्या गाडीला क्लच दाबावा लागत नाही. त्यांनी मला अगदी सरळ, कुठेही न घासता, घरामागच्या कुंपणापाशी नेऊन ठेवले आणि खाली उतरल्या. रवींद्रराव स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहत होते. खिडकी थोडी उघडून ते म्हणाले, की तिच्यावर ताडपत्री तरी घाल.

"घाला ना," ललिताबाई म्हणाल्या. "काठी घेऊन या सावकाश."

ते आले नाहीत, त्यांना येता आले नसते. पहिल्या बर्फात माझी सीट बुडाली. जानेवारीत अंगाला तडे गेले. ज्या जागी सर्वांत जास्त घासले होते, तिथे आधी. उंदरांनी आसनातला कापूस काढून नेला आहे. रवींद्रराव रोज खिडकीशी येऊन बसतात, आणि ललिताबाई त्यांना तिथेच चहा आणून देतात, साखर बरोबर घातलेला. त्या त्यांची सगळी काळजी घेतात. खिडकीचा पडदा मात्र कधी लावून घेत नाहीत.

मित्रांनो, माझी एक विनंती आहे. मला झाका, रंगवा, असे मी म्हणत नाही. माझ्यासारख्या नकला पुष्कळ निघतील. पण तुम्ही कधी कोणाच्या सोबतीने काही बनवलेत, तर त्याचा पाय कुठवर पोचतो ते आधी बघा आणि तेवढी जागा ठेवा. विचारायचे असेल तर जोडून टाकण्याआधी विचारा. नंतर विचारले तर समोरचे माणूस ओरडत नाही, भांडत नाही. ते तुमचा पट्टा नीट बांधते आणि राहू दे म्हणते.