अण्णांचं 'या'

माझे वडील गेले, म्हणून पृथ्वी वाचली. हे वाक्य मी बऱ्याचदा लिहून खोडलं. त्याहून खरं दुसरं सापडलं नाही, म्हणून राहू दिलं आहे.

चौसाळ्यात हायवेला लागून आमचं खत-बियाण्यांचं दुकान होतं आणि दुकानामागे घर. वडिलांचं नाव राधाकिशन, पण सगळे त्यांना अण्णा म्हणत. दिवसभर ते दुकानाच्या ओट्यावर बसून रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकाला 'या' म्हणत. ओळखीच्याला म्हणत, पंक्चर झालेल्या ट्रकवाल्याला म्हणत, विक्रीकराच्या साहेबालाही म्हणत. एकदा भर दुपारी चोराला म्हणाले. तो मागच्या भिंतीवरून उतरत होता आणि अण्णांच्या तोंडून सवयीनं निघून गेलं. चोर इतका ओशाळला, की चहा पिऊन समोरच्या दारानं गेला.

पुढे देशानं दारं उघडली. टाय लावलेले नाना कंपन्यांचे एजंट आमच्या ओट्यावर येऊन बसायला लागले. मी अंबाजोगाईला कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते. वाचलेलं डोक्यात असायचं, म्हणून मी अण्णांना सावध करायची. ते म्हणायचे, "भामा, दारात माणूस आलं की आधी या म्हणावं. कावून आलं, ते चहा झाल्यावर इचारावं."

पंच्याण्णवच्या उन्हाळ्यात अण्णा गेले. झोपेत गेले, कुणाला काही त्रास न देता.

आमच्याकडे मयताच्या घरी भेटायला आलेल्यांना 'या' म्हणत नाहीत. जाताना तेही 'येतो' म्हणत नाहीत. असल्या कामाला पुन्हा येणं नको, हा त्यामागचा विचार. माणसं मुकाट येतात, सतरंजीवर बसतात आणि मुकाट उठून जातात. तेरावा होईपर्यंत घराला हा नियम. ज्या घरात दिवसभर 'या'शिवाय काही ऐकू येत नव्हतं, त्या घरात तो फार जाणवायचा.

अशाच एका सकाळी मागच्या पडीक रानात काहीतरी मोठं, गोल, चकचकीत उतरलं. सुंदरराव तेव्हा आमच्याकडेच बसलेले होते. ते पंचायत समितीचे माजी सभापती आणि अण्णांचे लहानपणापासूनचे मित्र. खिडकीतून वाकून पाहत ते म्हणाले, "केबलवाल्याची नवी छत्री दिसती. लई मोठी आणली बे."

छत्रीतून एक गृहस्थ उतरले. उंची दाराएवढी, रंग भिजवलेल्या मटकीसारखा, हात चार. पायांचे गुडघे मागच्या बाजूला वळत होते. ते सरळ आत आले आणि उंबऱ्याशी उभे राहिले. कुणी काही बोललं नाही, कारण मयताच्या घरी बोलत नाहीत.

माझी केसरआत्या म्हणजे अण्णांची थोरली बहीण. तिला अंधुक दिसायचं. तिनं बायकांच्या रीतीप्रमाणे पाहुण्याच्या गळ्यात पडून हंबरडा फोडला, "माझा भाऊ गेला वोऽ, दाराची शोभा गेली वोऽ." गृहस्थांना चारही हात कुठे ठेवावेत ते कळेना. आत्यानं रडणं आवरलं, पदरानं डोळे पुसले आणि मला म्हणाली, "खुर्ची दे गं त्यास्नी. गुडघ्याचं आपरेशन झालेलं दिसतंय."

पाहुणे खुर्चीवर उलटे बसले. मग आकाशवाणीवरच्या निवेदकासारख्या स्वच्छ, गोड आवाजात बोलू लागले.

"शेतकरी बंधू-भगिनींनो, नमस्कार. आम्ही पृथ्वी ताब्यात घेण्यासाठी आलो आहोत. हवामान कोरडे राहील."

सुंदररावांनी मान डोलावली. "कोणती कंपनी?"

कंपनी नव्हती. पाहुण्यांनी सगळं मोकळेपणानं सांगितलं. त्यांच्या कायद्यानं वस्तीचा ग्रह जबरदस्तीनं घेता येत नाही. तिथल्या एका घरानं आपणहून 'या' म्हणावं लागतं, आणि ते घर आधीच ठरवून कळवावं लागतं. त्या एका घराचं 'या' म्हणजे सगळ्या ग्रहाचं. ते न मिळता निघावं लागलं, तर पुन्हा त्या ग्रहावर पाऊल ठेवता येत नाही.

"आम्ही संपूर्ण पृथ्वी ऐकली," ते म्हणाले. "दिल्लीत काम काय ते आधी विचारतात. अमेरिकेत तर कागद मागतात. सर्वाधिक 'या' या घरातून ऐकू आले. श्री. राधाकिशन यांना बोलवावे."

मी भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोकडे बोट दाखवलं.

पाहुण्यांची मान थोडी खांद्यात शिरली. "मग घराच्या वतीने कोण बोलेल?"

"आता घरचं माणूस म्हंजे भामाच," आत्या म्हणाली. सगळे माझ्याकडे बघायला लागले. जगाचं काय करायचं ते सतरंजीवर बसलेल्या एका प्राध्यापिकेच्या तोंडात आलं होतं, आणि मी सकाळपासून नीट पाणीसुद्धा प्यायले नव्हते.

"तुम्ही इथून काय नेणार?" मी विचारलं.

"समुद्र."

सुंदरराव पुढे सरकले. "सगळा?"

"सगळा."

"न्या की मग. समुद्र कोकणातल्या लोकांचा. आपल्याकडं प्यायलाच टँकर येतोय. त्याच्या बदल्यात तालुक्याला एखादा कारखाना टाका म्हंजे झालं."

"काका, पाऊस समुद्रातूनच येतो," मी म्हणाले.

"तसा बी कुठं येतोय?" सुंदरराव म्हणाले. मग पाहुण्यांकडे वळून, दोन्ही हात जोडून तोंड उघडणार, एवढ्यात आत्यानं त्यांचा हात धरून खाली ओढला.

"मयताच्या घरी या म्हणतोस व्हय रे? पोरं-बाळं हायेत ना तुला?"

"अगं केसरबाई, तालुक्याचा इकास हाय हा."

"तेरावा झाल्यावर कर इकास."

तेराव्यापर्यंत थांबणं पाहुण्यांना शक्य नव्हतं. उतरलं की एकाच भेटीत निकाल लागला पाहिजे, असा कायदा. मग त्यांनी छातीवरच्या एका खळग्यावर बोट दाबलं.

"या, या. बसा निवांत." अण्णांचा आवाज होता. मधेच एक खोकला, तोसुद्धा तसाच. "भामा, दोन कप चहा टाक गं."

मी उठले होते. कधी उठले ते कळलं नाही. स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले होते. इतकी वर्षं त्या हाकेनंतर मी 'टाकते अण्णा' म्हणून उठत आले, आणि त्यांना 'नाही' म्हणायचं कधी शिकलेच नाही.

"मूळ निमंत्रण हे आहे," मागून पाहुण्यांचा आवाज आला. "कन्येने केवळ दुजोरा द्यावा."

मला दुजोरा द्यायचा होता, हे खरं सांगते. समुद्र जातो तर जाऊ दे, पण तो आवाज परत एकदा लावा, एवढंच मनात होतं.

"भामा, बस खाली," आत्या म्हणाली. मी बसले. मग ती पाहुण्यांकडे वळली. "आवाज कुणाचा हाय ह्यो?"

"श्री. राधाकिशन यांचा."

"ते कुठं हायेत?"

"त्यांचे निधन झाल्याचे समजले."

"मग त्यांचं बोलावणं घेऊन तुमी जाणार कुठं?"

पाहुण्यांनी फोटोतल्या हाराकडे पाहिलं.

"मेलेल्या माणसानं सपनात हाक मारली तरी आमी ओ देत न्हाई," आत्या समजावणीच्या सुरात म्हणाली. "त्याच्या हाकेला जो गेला तो त्याच्यामागंच गेला. माझ्या चुलतसासऱ्यानं ओ दिली. पाडवासुदीक बघितला न्हाई. आन् तुमी तर चांगलं विमान करून आलाव. घरी बायकू-लेकरं आसतील ना?"

पाहुण्यांची मान पुरती खांद्यात गेली. मटकीचा रंग उतरून भाकरीच्या पिठासारखा झाला. खळग्यावरचं बोट त्यांनी चटका बसल्यासारखं काढून घेतलं. त्यांच्या कायद्यात मेलेल्या निमंत्रकाबद्दल काही लिहिलेलं नसावं. त्यांनी हळू विचारलं, "आपल्याकडे अशा घरातून निघण्याची पद्धत काय आहे?"

"उठायचं आन् जायचं. येतो म्हणायचं न्हाई. मागं वळून बघायचं न्हाई."

पाहुणे उठले. फोटोपाशी थांबून त्यांनी नमस्कार केला. चार हातांचे दोन नमस्कार झाले. एक अण्णांना, दुसरा बहुधा आम्हा राहिलेल्यांना. मग ते दाराकडे निघाले.

तो आवाज त्यांच्या छातीत होता. मला तो मागायचा होता. पण त्यासाठी त्यांना हाक मारून परत बोलवावं लागलं असतं. मी पदराचा बोळा तोंडात धरला आणि रानातली छत्री वर जाऊन दिसेनाशी होईपर्यंत तशीच बसून राहिले.

"गेला कारखाना," सुंदरराव म्हणाले आणि तेही 'येतो' न म्हणता उठून गेले.

तेरावा झाला. दुसऱ्या दिवशी मी दुकान उघडून अण्णांच्या जागी ओट्यावर बसले. हायवेवर धूळ उडत होती. डोक्याला रुमाल गुंडाळलेला एक अनोळखी म्हातारा समोर येऊन उभा राहिला आणि वाट बघायला लागला. त्याला कुणीतरी सांगितलं असावं, की इथे बोलावतात.

मी आधी वर आभाळाकडे बघितलं, मग त्याच्या गुडघ्यांकडे.

"या," मी म्हणाले. "बसा. चहा टाकते."